‘वृत्तसंस्था’ म्हणजे नक्की कोण? आशियातल्या बातम्या सोलापूरपर्यंत कशा येतात

रात्रपाळी

परवा पार्क चौकात चहा घेत होतो. शेजारच्या बाकावरच्या एका पोरानं पेपर माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "काका, इथं ‘ढाका, वृत्तसंस्था’ असं लिहिलंय. ही वृत्तसंस्था म्हणजे नक्की कोण ओ?"

मी एकोणतीस वर्षं सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर काढली, बहुतेक रात्रपाळीतच. तो शब्द हजारो वेळा माझ्या हातून लिहिला गेलाय. तरी उत्तर द्यायला मला वेळ लागला, आणि जे दिलं ते पुरेसं नव्हतं. म्हणून हा धागा. ज्यांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी भर घालावी.

आमच्या पेपरचा माणूस ढाक्यात नव्हता, जकार्तात नव्हता, काबूलमध्ये तर नव्हताच. तिथं काही घडलं की आधी तिथलाच एखादा बातमीदार धावतो. बहुतेक वेळा तो पगारी नसतो, बातमीमागं पैसे मिळणारा स्ट्रिंगर असतो. तो फोन करतो राजधानीतल्या ब्यूरोला, म्हणजे संस्थेच्या कार्यालयाला. ब्यूरोतून कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, जातो प्रादेशिक डेस्ककडं. जगभर बातम्या पुरवणाऱ्या संस्थांचे हे डेस्क : रॉयटर्सचं सिंगापूर, एएफपीचं हाँगकाँग, एपीचं बँकॉक. तिथं कुणीतरी ती तपासून नीट इंग्रजीत बसवतो. मग पीटीआयसारख्या आपल्या संस्थेमार्फत ती दिल्लीहून येते आणि रात्री माझ्यासारखा उपसंपादक तिचं मराठी करतो. एवढ्या सगळ्यांसाठी आम्ही एकच शब्द लिहायचो.

बातमी एकदम येत नाही, तुकड्यातुकड्यानं येते. आधी एक ओळ. मग दोन परिच्छेद. मग ‘लीड’, म्हणजे बातमीचा सुरुवातीचा मुख्य भाग, मग सुधारित लीड. टेलिप्रिंटर होता तेव्हा मोठ्या बातमीला घंटी वाजायची आणि हातातला कप ठेवून सगळे यंत्राकडं पळायचे. त्यात घड्याळाची गोष्ट वेगळीच. टोकियो आपल्या साडेतीन तास पुढं, बीजिंग अडीच तास, ढाका अर्धा तास, काठमांडू फक्त पंधरा मिनिटं. काबूल एक तास मागं. आमची अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याला जाणारी डाक आवृत्ती आधी सुटायची, शहर आवृत्ती नंतर. त्यामुळं काबूलची रात्रीची बातमी सोलापूर शहरात छापून यायची आणि मंगळवेढ्यात यायची नाही, असं कित्येकदा व्हायचं.

आता जी गोष्ट माझ्या मनातून जात नाही ती सांगतो. २६ डिसेंबर २००४, रविवार. सुमात्राजवळ त्सुनामी आणणारा भूकंप झाला तेव्हा आपल्याकडं सकाळचे साडेसहा वाजायचे होते. मी संध्याकाळी ड्यूटीवर गेलो तोवर श्रीलंका, तमिळनाडू, थायलंडमधून मृतांचे आकडे येत होते. थायलंडच्या फुकेतमध्ये पर्यटक होते, हॉटेलं होती, कॅमेरे होते. त्यामुळं तिथलं चित्र लगेच आलं. मथळ्यातला आकडा मी त्या रात्री चार वेळा बदलला. इंडोनेशियाच्या आचे प्रांतातून, म्हणजे भूकंपाच्या सगळ्यात जवळच्या किनाऱ्यावरून, जवळपास काहीच येत नव्हतं. मी इंडोनेशियाची बातमी खाली, एका कॉलमात घेतली. श्रीलंकेचा आकडा मोठा दिसत होता म्हणून ती वर.

पुढच्या काही दिवसांत कळलं की सगळ्यात जास्त माणसं आचेमध्येच गेली होती. एकट्या इंडोनेशियात दीड लाखाहून अधिक. तिथं आधीपासून बंडखोरांशी लढाई चालू होती, परदेशी पत्रकारांना जायला बंदी होती, आणि लाटेनं फोन, रस्ते, तिथले बातमीदार, सगळंच नेलं होतं. सांगायलाच कुणी उरलं नव्हतं आणि मी त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘नुकसान कमी’ असा लावला. त्यानंतर कुठल्याही मोठ्या दुर्घटनेच्या रात्री मी डेस्कवरच्या पोरांना आधी विचारायचो, बातमी कुठून येत नाहीये ते बघा.

---

कांदा आडत

काका, चांगला विषय काढलात. आमचा धंदा सोलापूर बाजार समितीत. आमच्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्यामुळं ढाक्याची बातमी आम्हाला परदेशची वाटतच नाही, ती भावाची बातमी असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ५ तारखेला तिकडं सरकार पडलं. टीव्हीवर दिवसभर तेच. हसीना कुठं गेल्या, कोण काय म्हणालं. मला पाहिजे होतं एवढंच, की सीमेवरच्या पेट्रापोलचं फाटक उघडं आहे का बंद. चार चॅनेल फिरलो, कुणी सांगेना. शेवटी ट्रकच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, शेठ, लाइन लागलीय, पलीकडून कुणी कागद घेत नाही. सीमेवरचा क्लिअरिंग एजंटही तेच म्हणाला. आमच्यासाठी तेच दोघं पत्रकार.

मला असं विचारायचंय, तिकडं जुलैत इंटरनेटच बंद होतं म्हणतात. मग बातम्या आल्या कशा?

---

रात्रपाळी

आडतवाले, तुम्ही ड्रायव्हरला फोन केलात तेच ढाक्यातले बातमीदार करत होते. १८ जुलैच्या रात्री इंटरनेट गेलं. ब्रॉडबँड पाच-सहा दिवसांनी आलं, मोबाइलचं नेट २८ तारखेपर्यंत नव्हतं. पण साध्या फोनवर बोलता येत होतं. बातमीदार रुग्णालयात जायचे आणि फोनवर बातमी तोंडी सांगायचे, पलीकडचा उतरवून घ्यायचा. आमच्या तरुणपणी तालुक्याचे वार्ताहर एसटीडी बूथवरून असंच सांगायचे.

आंदोलनातल्या मृतांचा आकडा सरकार देत नव्हतं. तेव्हाच्या एएफपीच्या बातम्या काढून बघा. त्यात ‘पोलीस आणि रुग्णालयांनी सांगितलेल्या मृतांची एएफपीनं केलेली मोजणी’ अशा अर्थाचं वाक्य असायचं. म्हणजे माणसं एकेका रुग्णालयाला विचारून बेरीज करत होती. ते वाक्य मराठीत येईपर्यंत बऱ्याचदा गळून जातं आणि नुसता आकडा उरतो. जागा कमी पडते हे खरं, मीही कापलंय. पण कापायचंच तर विशेषण कापावं, आकडा कुणी मोजला ते कापू नये.

---

पूर्व भाग

माझा दिवसाचा धंदा यंत्रमागाचा. पण आठ वर्षं मी रात्री भाषांतराचं काम केलं, इंग्रजी ते मराठी, कधी तेलुगूतही. एक गमतीची वाटेल अशी पण फार त्रासाची गोष्ट सांगतो.

ढाक्यातला माणूस लाख आणि कोटीतच बोलतो. काठमांडूतलाही. ‘तीन कोटी टका’ असं ढाक्यातला अधिकारी म्हणतो. इंग्रजी एजन्सीची कॉपी त्याचं ‘थर्टी मिलियन’ करते. आणि सोलापुरात रात्री साडेअकराला मी पुन्हा त्याचे तीन कोटी करतो. आपल्याच घरातली वस्तू विलायतेला जाऊन परत यावी तसं. त्यात कुणाचं एक शून्य घसरलं की तीस कोटी होतात आणि सकाळी तेच सत्य. बिलियनला तर मी प्रत्येक वेळी कागदावर शंभर कोटी लिहून मग पुढं जायचो. चिनी आणि जपानी आकड्यांत तर दहा हजाराचा गठ्ठा असतो. तिथल्या भाषांतरकाराला दोन उड्या माराव्या लागतात.

नावांचं तर विचारू नका. म्यानमारमध्ये आडनाव नसतं. आंग सान सू ची हे सगळं मिळून एक नाव. आपण ‘सू की’ असं अर्धं तोडून लिहितो, आणि उच्चारही इंग्रजी स्पेलिंगवरून काढलेला. चीनमध्ये आडनाव आधी, म्हणून ‘शी’ हे आडनाव. मी एकदा ‘श्री. जिनपिंग’ लिहिलं होतं, वृत्तसंपादकांनी बोलावून समजावलं. शेजारच्या देशातल्या माणसाचं नाव लंडनच्या स्पेलिंगवरून लिहावं लागतं याचं मला अजूनही वाईट वाटतं. बंगाली नाव तर मूळ लिपीत बघितलं की आपल्याला जवळजवळ जसंच्या तसं लिहिता येतं. पण ते बघायला वेळ कुठला?

---

सातरस्ता

काका, मी इथंच विद्यापीठात पत्रकारिता शिकते. आम्हाला उलटा पिरॅमिड, पाच क, सगळं शिकवतात. तुम्ही सगळे सांगताय ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. एक शंका आहे. ‘फिक्सर’ हा शब्द सारखा वाचते. मराठीत तो सेटिंग लावणाऱ्या माणसासारखा वाटतो. तो नक्की काय करतो?

---

विजापूर वेस

ताई, याचं उत्तर मी देतो. मी आयुष्यात तीन दिवस फिक्सर होतो. तेव्हा हा शब्द मला माहीतही नव्हता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीतून येऊन आम्ही नुकतेच पडलो होतो. चारच्या सुमारास सोलापूरही हाललं. सकाळी कळलं, किल्लारी गेलं. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो, इंग्रजी बरं होतं आणि मामाची जीप होती. तिसऱ्या दिवशी स्टेशनवर दोन परदेशी पत्रकार उतरले, एक लिहिणारा आणि एक फोटोवाला. कुणीतरी त्यांना मामाकडं धाडलं. मी त्यांच्याबरोबर गेलो.

माझं काम काय होतं? रस्ता कुठला चालू आहे ते ओळखणं. पोलिसांनी अडवलं की बोलणं. पाणी आणि पेट्रोल जपून वापरणं. कुणाशी बोलायचं आणि कुणाला आत्ता त्रास द्यायचा नाही, हे त्यांना सांगणं. आणि भाषांतर. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

सास्तूरजवळ एक म्हातारी बसली होती. तिचे दोन नातू गेले होते. ती सारखी म्हणत होती, "माळवदानं खाल्लं ओ, माळवदानं खाल्लं." मी सांगितलं, ‘छत पडलं असं म्हणते.’ लिहिणाऱ्यानं वहीत लिहिलं आणि आम्ही पुढं निघालो. वीस पावलं गेलो असू. तो थांबला आणि म्हणाला, तिनं एकच शब्द सारखा उच्चारला, तो काय होता? मग मला समजावून सांगावं लागलं. माळवद म्हणजे नुसतं छत नव्हे. लाकडी सरांवर पांढऱ्या मातीचा थरावर थर, वर्षानुवर्षं चढवलेला. भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन हात जाड. उन्हाळ्यात घर गार राहतं. त्या रात्री तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. भूकंप तसा जगातल्या मोठ्या भूकंपांत बसणारा नव्हता, तरी सुमारे दहा हजार माणसं गेली, त्याचं मोठं कारण त्या एका शब्दात होतं. तो परत फिरला. तिच्याशेजारी बसला. एका पडक्या घराच्या ढिगाऱ्यावर चढून त्यानं हातानं मातीच्या थराची जाडी मोजली आणि वहीत आकडा लिहिला.

मी आधी ‘छत’ म्हणून मोकळा झालो होतो. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर जगाला कळलं असतं की म्हातारीचं छत पडलं. बस.

महिन्याभरानं त्यानं पोस्टानं कात्रण पाठवलं. बातमी चांगली होती, माळवदावर पूर्ण परिच्छेद होता. माझं नाव नव्हतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आता काकांनी हा धागा काढल्यावर पेटीतून ते कात्रण काढून पुन्हा वाचलं.

---

रात्रपाळी

विजापूर वेस, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी इथं आकडे आणि डेस्क सांगत बसलो होतो. वृत्तसंस्था या शब्दामागं जो आहे तो तुम्ही आहात.

माझं म्हणणं आता स्पष्टच लिहितो. तिथला बातमीदार, तिथला फिक्सर, तिथला ड्रायव्हर यांच्या जिवावर आपण आशिया वाचतो, आणि त्यांचं नाव छापत नाही. रॉयटर्सचे वा लोन आणि क्याव सो ऊ हे दोघं म्यानमारचेच बातमीदार. इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांना मारलं, त्याचा छडा लावताना डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना पकडलं. सात वर्षांची शिक्षा झाली, ५११ दिवस तुरुंगात काढले, मे २०१९ मध्ये सुटले. परदेशी पत्रकाराला बहुतेक वेळा देशाबाहेर काढतात. तिथल्याला तुरुंगात घालतात. हा फरक वाचकाला माहीत असायला हवा.

---

हुतात्मा चौक

थोडं अवांतर वाटेल, पण नाही. सोलापूर स्वतः एकदा अशी बातमी होतं जी बाहेर जाऊ द्यायची नव्हती. मे १९३० मध्ये इथं लष्करी कायदा लागला. ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं त्यातले कुर्बान हुसेन हे पत्रकार होते, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे. आपण रोज त्या पुतळ्यांवरून जातो पण त्यातला एक जण आपल्यासारखाच बातम्या लिहिणारा होता हे फार थोड्यांच्या लक्षात असतं.

लष्करी कायद्याच्याच महिन्यात, २१ मे १९३० ला, धारासण्याला मिठाच्या आगरावर सत्याग्रही लाठ्या खात होते. तिथं युनायटेड प्रेसचा वेब मिलर नावाचा अमेरिकन बातमीदार हजर होता. त्याच्या तारा सरकारनं अडवायचा प्रयत्न केला, तरी त्यानं पाठपुरावा करून वृत्तांत बाहेर काढला आणि तो जगभर छापला गेला. धारासणा जगाला कळलं कारण तिथं असा माणूस होता ज्याची तार कायमची अडवणं सरकारला जमलं नाही. सोलापुरात त्या दिवसांत असा कुणी होता का, हे मी कधीपासून शोधतोय.

---

सध्या बँकॉक

मूळचा होटगी रोडचा, सहा वर्षं इथं नोकरीला. धागा आईनं पाठवला.

२८ मार्च २०२५ ला दुपारी मी अकराव्या मजल्यावर होतो. भूकंप म्यानमारमध्ये, मंडालेजवळ, ७.७ चा. पण इथं बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली एक उंच इमारत कोसळली. पहिले काही तास जगानं तीच इमारत पाहिली, कारण इथं प्रत्येकाच्या हातात फोन होता. काका, तुमचं फुकेत आणि आचे मला तंतोतंत तसंच वाटलं. तीन हजारांहून जास्त माणसं म्यानमारमध्ये दगावली. तिथल्या लष्करी राजवटीनं परदेशी पत्रकारांना प्रवेश नाकारला, कारण दिलं राहायला जागा नाही, वीज-पाणी नाही.

माझ्या ओळखीत एक बर्मी जोडपं आहे, दोघं पत्रकार, २०२१ च्या लष्करी उठावानंतर सीमा ओलांडून आलेले. असे बरेच जण चियांग माईत आणि सीमेवरच्या माए सोतमध्ये राहून काम करतात. त्यातली बायको रात्रभर फोनवर असायची. आतला कुणीतरी व्हिडिओ पाठवायचा. ती लगेच पुढं पाठवायची नाही. देवळाचा कळस, दुकानाची पाटी, सावली कुठल्या बाजूला पडलीय, हे सगळं जुन्या फोटोंशी जुळवायची. जुळलं की मगच. आणि पाठवणाऱ्याचा नंबर लगेच पुसून टाकायची, स्वतःच्या फोनमधूनही.

म्हणून काका, तुमच्या एका मुद्द्याला माझी हरकत आहे. नाव छापा म्हणता. तिच्या माणसांची नावं छापली तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात शिपाई येतील. मी तिला तुमचा धागा इंग्रजीत सांगितला. ती म्हणाली, नाव नको, पण कुणीतरी तिथं होतं एवढं लिहा.

---

रात्रपाळी

बरोबर आहे. माझी चूक झाली. नाव हे बक्षीस आहे असं मी धरून चाललो होतो. ज्याला त्याच गावात राहायचंय त्याच्यासाठी ते ओझं असू शकतं, हे निवृत्तीनंतर एका सोलापूरच्या पोरानं बँकॉकहून सांगावं लागलं. तिला माझा नमस्कार सांग.

मग असं करता येईल. जिथं नाव देता येतं तिथं द्यावं. जिथं देता येत नाही तिथं ‘नाव सुरक्षेसाठी दिलेलं नाही’ हे सहा-सात सेंटिमीटरच्या बातमीतही मावतं. नुसतं ‘वृत्तसंस्था’ पुरत नाही.

---

कांदा आडत

ड्रायव्हरचं पण तसंच आहे साहेब. तो मला सांगतो, पण म्हणतो, शेठ, माझं नाव कुणाला सांगू नका, परत त्याच नाक्यावर उभं राहायचंय.

---

सातरस्ता

काका, आमचं प्रॅक्टिसचं चार पानी पत्र उद्या लागतंय. आंतरराष्ट्रीय पान माझ्याकडं आहे. म्यानमारची बातमी घेतलीय. मूळ कॉपीच्या शेवटी तिघांची नावं आहेत, आणि एकाचं दिलेलं नाही असं लिहिलंय. मी वर डेटलाइन, म्हणजे बातमीच्या सुरुवातीची ठिकाण सांगणारी ओळ, अशी केलीय : ‘मंडाले : तिथल्या एका बातमीदाराकडून, नाव सुरक्षेसाठी दिलेलं नाही.’ खाली तिघांची नावं. सर म्हणाले दोन ओळी जास्त होतात, मथळा लहान कर. मथळा लहान केला. पण त्या तिघांपैकी एका नावाचा उच्चार मला येत नाहीये, स्पेलिंगवरून तीन प्रकारे होतो.

---

सध्या बँकॉक

पाठव इकडं. ती आत्ता जागी आहे, तिच्याकडून म्हणून घेतो आणि आवाजच पाठवतो.

---

पूर्व भाग

ताई, मिळालं की इथंही लिही. मी माझ्या वहीत उतरवून ठेवतो.